दिवसा पोरं रस्त्यावर दिसली की उचलायची का?

मागच्या अंकात गंगापूर रोडवरच्या एका काकांचं छोटंसं पत्र छापलं होतं, शाळेच्या वेळेत शाळकरी मुलांना रस्त्यावर फिरायला बंदी करा म्हणून. त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आलेत ते बघून संपादकांनीच सांगितलं की ताई, या वेळचं सदर पूर्ण यावरच घ्या. अर्धे लोक काकांच्या बाजूनं, अर्धे त्यांच्यावर तुटून पडलेले, आणि दोन-तीन जणांनी तर पत्र न वाचताच मत दिलंय हे उघड दिसतंय. असो. निवडक प्रश्न घेतलेत, सगळ्यांना जागा नाही.

प्रश्न : ताई, मी रोज सोमेश्वरपर्यंत फिरायला जातो. साडेदहा-अकराला परत येताना शाळेच्या ड्रेसमधली पोरं दिसतात, एका गाडीवर तिघं, एक सिगारेट तिघांत फिरतेय. कुणी बोललं तर उलट उत्तरं. अमेरिकेत शाळेच्या वेळेत पोरगं बाहेर दिसलं की पोलीस धरून शाळेत नेतात, दंड करतात. आपल्याकडे दहा ते चार संचारबंदी लावली तर आठ दिवसांत नाशिक सरळ होईल. का लावत नाहीत?
— एक ज्येष्ठ नागरिक, गंगापूर रोड

उत्तर : काका, तुम्ही जे बघितलं ते खरंच आहे, त्यात वाद नाही, मीही त्याच रस्त्यानं जाते. आणि अमेरिकेचं म्हणताय तेही खरं आहे, फक्त अर्धं सांगताय.

लॉस एंजेलिसजवळ मन्रोव्हिया नावाचं छोटं गाव आहे, तिथे १९९४ मध्ये शाळेच्या वेळेतली ही बंदी आली आणि तिचा एवढा गवगवा झाला की १९९६ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन तिथे जाऊन कौतुक करून आले. लॉस एंजेलिस शहरानंही १९९५ मध्ये तसाच नियम केला, सकाळी साडेआठ ते दुपारी दीड. दंड २५० डॉलर, आणि कोर्टाचे चार्जेस धरले की आकडा त्याच्या कितीतरी वर जायचा. शिवाय मुलाला आई किंवा बापाबरोबर कोर्टात हजर राहायचं, म्हणजे आईचा रोज बुडाला आणि पोराची शाळा अजून एक दिवस बुडाली! पण खरी गंमत पुढेच आहे. पोलीस उभे कुठे राहायचे तर शाळेच्या आसपास, कारण पोरं तिथेच सापडतात, मग सापडायचं कोण, तर बस चुकली म्हणून उशिरा धावत येणारं पोरगं. जो खरोखर दांडी मारून लांब गेलाय तो कशाला शाळेच्या गेटपाशी येतोय. हळूहळू मुलांच्या डोक्यात बसलं की उशीर झाला तर शाळेकडे जाऊच नका, पावती फाटेल, त्यापेक्षा घरी थांबा. शाळेत आणायला काढलेला नियम आणि शाळेपासून लांब ठेवतोय. शेवटी आरडाओरडा झाला आणि २०१२ मध्ये नगर परिषदेनं तो बदलला, पहिल्या दोन वेळांना दंड नाही, समुपदेशनाकडे पाठवायचं.

टेक्सासमधल्या डॅलसनं २००९ मध्ये सकाळी नऊ ते दुपारी अडीचची बंदी आणली, २०१९ मध्ये ती संपली ती परत आणलीच नाही. आणि २०२३ मध्ये टेक्सास राज्यानं कायदाच केला की कुठल्याही नगरपालिकेनं मुलांवर असली संचारबंदी लावायची नाही, दिवसाची नाही आणि रात्रीची पण नाही. सगळ्या अमेरिकेत हे बंद झालं असं मी म्हणत नाहीये हं, कित्येक गावांत अजून चालू आहे. पण २०१६ मध्ये मुलांवरच्या संचारबंद्यांचे १२ अभ्यास एकत्र करून तपासले गेले, त्यात गुन्हे कमी झाल्याचं काही दिसलं नाही. ते अभ्यास मुख्यतः रात्रीच्या बंदीचे होते हेही सांगून ठेवते, नाहीतर उद्या तुम्हीच मला पकडाल.

आता आपल्या सोमेश्वरच्या तिघांकडे येऊ, कारण मला त्या पोरांपेक्षा त्यांच्या आजूबाजूला जास्त बघावंसं वाटतं. एक सिगारेट तिघांत म्हणालात ना, ती एक सिगारेट आली कुठून? सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालच्याला तंबाखूचं काहीही विकायला बंदी २००३ च्या कायद्यानं आहे, आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण नव्वद मीटर, कुणालाच विकायचं नाही. त्या कायद्यातला दंड २०० रुपयांपर्यंत आहे म्हणून टपरीवाला हसतो, पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ त्याला कुणी वाचून दाखवलेलं नसतं, मुलाला तंबाखू किंवा दारू दिली तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे त्यात.

मग ती गाडी. नववी-दहावीच्या पोराच्या नावावर गाडी नसते, ती बापाची नाहीतर काकाची असते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. सोळा पूर्ण झाल्यावर ५० सीसीपर्यंतची गाडी लायसन्स काढून चालवता येते, पण तुम्ही बघितलेली गाडी ५० सीसीची नव्हती यावर मी पैज लावायला तयार आहे.

म्हणजे टपरीवाल्यासाठी कायदा आहे, बापासाठी कायदा आहे, दोन्ही झोपलेत, आणि आपण तिसरा मागतोय तो पोरांसाठी. का, तर पोरगं पकडायला सोपं. त्याला वकील नसतो, नगरसेवकाचा फोन नसतो, गणवेश घातलेला असल्यानं लांबून ओळखू येतं, आणि तरी तुम्ही बघा, हुशार पोरं शर्ट बॅगेत कोंबून आतल्या टी-शर्टवर फिरतात, तो तुम्हाला दिसणारच नाही.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे, दुपारच्या सत्रात. सकाळी साडेनऊला क्लास सुटतो, मग तो सायकलवरून आजीकडे जातो, तिथे जेवून बारा वाजता शाळेत. मागच्या आठवड्यात मध्ये थोडा वेळ बागेत बसला होता तर तिथल्या वॉचमननं हाकललं, "शाळा बुडवून इथे बसतो का" म्हणून, आयकार्ड दाखवलं तरी ऐकलं नाही. पोरगं रडत घरी आलं. आता तो सायकल घेऊन जायलाच नको म्हणतो. ही संचारबंदी खरंच आली तर मी त्याला घरात कोंडू का?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : तुमचं पत्र मी मुद्दाम काकांच्या पत्राखाली ठेवलंय. काका, हे वाचाच.

नाशिकमध्ये कितीतरी शाळा दोन सत्रांत चालतात, एकच इमारत, सकाळी सात-साडेसातला एक लॉट आत, बारा-साडेबाराला तो बाहेर आणि दुसरा आत. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं काढलं (झोपेसाठी, आणि निर्णय चांगलाच होता, डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत पावणेसातला स्वेटर-कानटोपीत झोपलेली पोरं रिक्षात कोंबलेली बघितलीत ना), त्यानं काही शाळांची वेळापत्रकं अजून उलटीपालटी झाली. म्हणजे दहा ते चार बंदी लावली तर सकाळच्या शाळेची पोरं एक वाजता घरी जाताना गुन्हेगार आणि दुपारच्या शाळेची पोरं अकरा वाजता क्लासला जाताना गुन्हेगार. कुठलाही तास घ्या, कुठल्यातरी शाळेची पोरं त्या वेळेला रस्त्यावर असणारच, आणि हक्कानं असणार.

तुमच्या मुलाच्या बाबतीत एक करा. त्याला घेऊन तुम्ही स्वतः त्या बागेत जा, त्या वॉचमनशी बोला, भांडायला नको, फक्त सांगा की हा अमुक शाळेचा, याची शाळा बाराची, हा रोज इथून जाईल. आणि हे मुलासमोर बोला. वॉचमनला पटण्यापेक्षा मुलाला हे दिसणं जास्त महत्त्वाचं आहे की आई आपल्या बाजूनं बोलली. सायकल अजिबात बंद करू नका, बारा वर्षांच्या पोराला आजीचं घर स्वतःचं स्वतः गाठता येतं ही साधी गोष्ट नाही, आज किती घरांतली मुलं करतात ते?

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. नाव छापू नका. मी वर्षभरात बऱ्याचदा बंक केलंय. तुम्ही सगळे म्हणता आम्ही टवाळखोर. पण आमच्या शाळेचं गेट सात दहाला बंद होतं, पाच मिनिटं उशीर झाला तरी परत पाठवतात. रात्री क्लास नऊला सुटतो, होमवर्क होत नाही, होमवर्क नसला तर पूर्ण तास बाहेर उभं करतात. मग मी गोदापार्कला बसतो. बाहेरच उभं राहायचंय तर तिथे का नाही?
— नाशिकचा एक विद्यार्थी

उत्तर : अरे, शेवटच्या वाक्याला मी हसले आणि मग हसायचं थांबले, कारण याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही.

गेटचं तू लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण हे मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. सात बाराला एक पोरगं गेटवर येतं, अंगात युनिफॉर्म, खांद्याला दप्तर, डब्यात पोळी-भाजी, घरी कुणी नाही कारण आई-बाबा दोघंही कामावर निघालेत, आणि शाळा त्याला म्हणते परत जा. कुठे जा? साडेबारापर्यंत त्याचं काय करायचं? शाळेनं स्वतःच्या हातानं एक बंक तयार केला, आणि कॅटलॉगमध्ये लाल पेनानं गैरहजर. मी शाळेत इतकी वर्षं काढली म्हणून सांगते, उशिरा येणाऱ्याला आत घेऊन मधल्या सुट्टीत बसवून ठेवणं, डायरीत लिहून पालकांची सही आणायला लावणं, असले शंभर उपाय असतात, बाहेर काढणं हा सगळ्यात आळशी उपाय आहे. मुख्याध्यापक मंडळी हे सदर वाचतात हे मला माहीत आहे.

बाहेर उभं करण्याबद्दल. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ स्पष्ट आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. तू नववीत म्हणजे वयानं त्याच्या काठावर किंवा पलीकडे असशील, पण तुझ्या मागे आठवीपर्यंतची पोरं त्याच व्हरांड्यात उभी असतात ना, त्यांना ते लागू आहे.

आता तुझं. गोदापार्कला बसतोस ते एकटा की ग्रुपनं हे तू लिहिलं नाहीस, आणि मी विचारतही नाही. फक्त पावसाळ्यात पाण्याच्या जवळ नको, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरी किती पटकन चढते हे नाशिकच्या पोराला मी सांगायला नको, आणि शाळेत आहेस असं समजून तुला कुणी शोधणारही नाही. ही भीती दाखवायला सांगत नाहीये. बंकमधला खरा धोका हाच आहे की तू कुठे आहेस हे जगात एकालाही माहीत नसतं.

आणि एक काम कर. नऊ वाजेपर्यंतचा क्लास आणि सातची शाळा हे गणित बसत नाही हे तू घरी सांगितलंयस का कधी? बंक सापडल्यावर सांगितलं तर ते कारण वाटेल. आत्ता सांग. बाबांना जमत नसेल तर आईला, तिलाही नाही तर ज्या सरांना तू त्यातल्या त्यात बरा वाटतोस त्यांना. मला लिहू शकलास म्हणजे तुला सांगता येतं.

प्रश्न : आम्ही मखमलाबादला राहतो, दोन्ही मुलांना घरीच शिकवतो. मुलगी दहा वर्षांची, मुलगा तेरा. दिवसा आम्ही बाजारात, पांडवलेणीला, लायब्ररीत कुठेही जातो, मुलगा एकटाही जातो. लोक आत्ताच वाकड्या नजरेनं बघतात. असा नियम आला तर आमच्यासारख्यांचं काय? आणि घरी शिकवणं मुळात बेकायदा आहे का?
— एक पालक

उत्तर : दुसऱ्याचं आधी सांगते. २०१० च्या १ एप्रिलपासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण नाही घातलं तर शिक्षा काय हे लिहिलेलं नाही. त्यामुळे तुमच्यासारखी घरं आहेत आणि चाललीत. पुढची परीक्षा महत्त्वाची, मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) दहावीला १४ पूर्ण असावं लागतं, तुमचा मुलगा आलाच आहे तिथे. आपल्या एसएससी बोर्डाला १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसायचीही सोय आहे, त्याच्या अटी आणि तारखा त्या वर्षीच्या बघून घ्या, बदलतात.

पहिल्याचं. अमेरिकेत या दिवसाच्या संचारबंदीविरुद्ध सगळ्यात जोरात कोण उठलं माहितीये, तुमच्यासारखेच लोक. मन्रोव्हियात घरी शिकणारी मुलं रस्त्यानं जाताना पोलीस वारंवार अडवायचे, पालक कोर्टात गेले. नियमात घरी शिकणाऱ्यांना सूट होती, पण सूट आहे हे आधी थांबून, उभं राहून, पोलिसाला पटवून द्यावं लागायचं, आणि ते रोज. २००२ मध्ये अपील कोर्टानं निकाल गावाच्या बाजूनं दिला, नियम टिकला. म्हणजे कायद्यानं असं करता येतच नाही असं तिथेही म्हणता आलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझा मुद्दा करता येतं का हा नाहीच. तेरा वर्षांच्या मुलानं लायब्ररीत जाताना खिशात खुलाशाची चिठ्ठी का बाळगायची, हा आहे.

प्रश्न : पोलिसांना आत्ताच्या कायद्यात असा अधिकार आहे का? जमावबंदी लावतात तसं कलम लावता येईल ना?
— अ‍ॅडमिशन न मिळालेला वकील (होऊ घातलेला), कॉलेज रोड

उत्तर : सही आवडली. पूर्वीचं १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय, ते तातडीच्या धोक्यासाठी असतं, आदेश २ महिन्यांपुरता, सरकारनं वाढवला तर अजून ६ महिने. सातवीतली पोरं बागेत बसलीत हा तातडीचा धोका कसा दाखवणार? आणि दांडी मारणं हा आपल्याकडे गुन्हाच नाही. भीक मागणारं, कामाला जुंपलेलं, बेवारस मूल सापडलं तर बाल न्याय कायद्यानं ते आरोपी नसतं, त्याला काळजीची गरज आहे असं धरून २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यायचं असतं. असं मूल दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, तो नंबर कुणीही फिरवू शकतं.

प्रश्न : मी मनपा शाळेत शिकवतो. तुमच्या सदरात सोमेश्वरवाल्या गाडीवरच्या पोरांचीच चर्चा चाललीय, आमची पोरं कुणाला दिसत नाहीत. सहावीतली मुलगी महिनाभर येत नाही, घरी गेलो तर कडेवर दीड वर्षाचा भाऊ, आई द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे, बाप एमआयडीसीत. ती रस्त्यावर पण नाही, घरात आहे. अशांसाठी काय?
— एक शिक्षक, सातपूर

उत्तर : सर, तुमचं पत्र सगळ्यात आधी यायला हवं होतं.

संचारबंदी रस्त्यावर दिसणाऱ्याला लागते, आणि ही मुलगी दिसतच नाही. ऑक्टोबर छाटणीपासून मार्चच्या काढणीपर्यंत आपल्या जिल्ह्यात द्राक्षाच्या बागांना बायकांचे हात लागतात, आणि त्या प्रत्येक हातामागे घरी एक लहान पोर असतं, त्याला सांभाळायला त्याच्याहून थोडं मोठं पोर. अंगणवाडी सुटते तेव्हा आईची पाळी सुटलेली नसते. मग ते दुसरं पोर शाळेत येणार कसं?

आपल्याकडे असली मुलं शोधायचे प्रयोग झालेले आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा उलटंच निघालं, कॅटलॉगमध्ये पोरं भरपूर आणि बाकावर पोरंच नाहीत. मग ४ जुलै २०१५ ला एका दिवसात शाळाबाह्य मुलं मोजायला काढली, मतदानासारखी बोटाला शाई लावून! एका दिवसात. ज्या दिवशी शाईवाले आले त्या दिवशी जे पोर शेतात किंवा घरात होतं ते सुटलं, आणि संस्थांनी तेव्हाच ओरडून सांगितलं की हा आकडा खरा नाही. २०२२ च्या जुलैत मिशन झिरो ड्रॉपआउट झालं. प्रत्येक वेळी फिरले कोण, तर तुम्हीच शिक्षक. आणि मुलींना शाळेत टिकवायला १९९२ पासून जो उपस्थिती भत्ता होता, पहिली ते चौथीच्या गरीब घरच्या मुलींना, तो दिवसाला १ रुपया. वर्षानुवर्षं एकच रुपया. त्या रुपयात आईचा रोज भरून निघतो का हे मी तुम्हाला काय सांगू.

महिनाभर सलग न येणारं मूल सरकारी हिशेबात शाळाबाह्य धरलं जातं. मला विचाराल तर महिना फार होतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी घरी जायला हवं, आणि ते "कुणीतरी" दर वेळी वर्ग सोडून तुम्हीच असणं हेही बरोबर नाही. तुमच्या शाळेची व्यवस्थापन समिती आहे ना, त्यात निम्म्याहून जास्त पालकच असतात, त्या वस्तीतली एक बाई त्यात असेल तर तिला या घरात शिरायला परवानगी लागत नाही. लहानग्याला दुपारपर्यंत कुठे ठेवता येईल एवढाच प्रश्न तिच्यासमोर टाका, मुलीच्या शाळेचा विषय काढूच नका सुरुवातीला. आईला मुलगी शिकायला नकोय असं नसतं हो बहुतेक वेळा, तिला भाऊ ठेवायला जागा नसते.

बाजारात बापाच्या भाजीच्या गाड्यावर बसलेल्या पोरांबद्दल तुम्ही पुढे लिहिलंय (जागेअभावी कापलं, माफ करा), तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर घरच्या धंद्यात मदत चालते पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. अकरा वाजता नाही.

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावसारखा भोंगा लावला तर? तिथे मुलं अभ्यासाला बसतात म्हणे.
— एक वाचक, सिडको

उत्तर : तिथे २०२२ मध्ये सुरू झालं ते, संध्याकाळी सातला भोंगा, दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. पण भोंग्यानंतर आईची सिरीयल पण बंद होते आणि बापाचा मोबाईल पण खाली जातो. गावसभेत ठरवून, विशेषतः बायकांना विचारून केलं म्हणून चाललं. सिडकोत तुमच्या बिल्डिंगमध्ये आधी मोठ्यांनी मोबाईल ठेवायला कोण कोण तयार आहे विचारून बघा, मग भोंग्याचा खर्च काढू.

प्रश्न : मुलगी आठवीत. शाळा बुडवते हे मला तीन आठवड्यांनी कळलं, ते पण शेजारणीकडून. शाळेनं एक फोन केला नाही. जीपीएसवालं घड्याळ घेऊ का?
— एक नोकरदार आई, नाशिकरोड

उत्तर : घड्याळ ती मैत्रिणीच्या दप्तरात ठेवेल. पैसे वाचवा.

शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फी भरायची आठवण तारखेच्या आधी येते, गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे, सहलीचे पैसे, सगळं येतं. मग पहिल्या तासाला हजेरी झाल्यावर "आज आपली मुलगी आलेली नाही" एवढा एक मेसेज का येऊ नये? हजेरी तर रोज घेतातच. पुढच्या पालकसभेत हे एकटीनं मागू नका, चार-पाच जणींनी मिळून मागा, आणि लेखी द्या, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. इंग्लंडमध्ये मूल परवानगीशिवाय गैरहजर राहत असेल तर दंड पालकाला होऊ शकतो, ऑगस्ट २०२४ पासून ८० पौंड, वेळेत नाही भरला तर १६०. ते मला काही फार पटत नाही, पण निदान तिथे हजेरी झाल्या झाल्या शाळा घरी विचारते.

मुलीला मात्र आधी विचारा की तीन आठवडे ती होती कुठे आणि कुणाबरोबर, आणि त्याहून आधी विचारा की शाळेत कशाला जावंसं वाटत नाही. आठवीतल्या मुलीची पाळी, शाळेतलं टॉयलेट, बसमधला कुणी, चिडवाचिडवी, यातलं काहीही असू शकतं. ओरडलात तर पुढची तीन वर्षं काही कळणार नाही.

प्रश्न : म्याडम, माझी पानाची टपरी आहे. तुमच्या पेपरात काकांनी सिगारेटचं लिहिल्यापासून लोक येऊन ऐकवून जातात. मी पोरांना नाही म्हटलं तर ते पुढच्या टपरीवरून घेतात, माझंच गिऱ्हाईक जातं. मी एकट्यानं काय करावं?
— एक टपरीचालक

उत्तर : दादा, तुम्ही लिहिलंत हे मला फार आवडलं, एवढ्या पत्रांत "मी काय करावं" विचारणारे तुम्ही पहिले.

अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं गुन्हा आहे असा बोर्ड लावणं तुम्हाला बंधनकारकच आहे, कमीत कमी ६० बाय ३० सेंटीमीटरचा, आणि त्यावर कुठल्याही कंपनीची जाहिरात नको. तो लावा. पोरगं वयानं मोठं दिसत असेल तर आधार मागा, शंका आली तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सुटी सिगारेट बंद करा, ते कुणालाच विकायचं नाहीये, मला नाही विकायचं आणि काकांना पण नाही. पुढची टपरी विकते तर तिथे पण हाच कायदा आहे, तुम्ही दोघं-तिघं मिळून एकाच दिवशी बोर्ड लावलात तर कुणाचंच गिऱ्हाईक कुणाकडे जाणार नाही.

फक्त एक, तुमची टपरी शाळेच्या कुंपणापासून किती लांब आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. शंभर यार्डांच्या आत असेल तर बोर्डानं भागणार नाही, तिथे तंबाखूचा माल विकायला ठेवताच येत नाही. बिस्किटं, चहा, पेन, वह्या ठेवा. धंदा सुरुवातीला बसेल, हे तुम्हाला आवडणार नाही, पण विचारलंत म्हणून सांगते.